ढगाला सावली

सावद्याहून फैजपूरला निघालं की
जुना जकात नाका लागतो. त्या खोलीत
फ्रिजएवढं एक काळं कपाट आहे.
मी त्याचा राखणदार. पगारपत्रकावर साइट तंत्रज्ञ,
गावात ढगवाला.

आधी असं व्हायचं :
दिगंबर फालक केळीच्या पानाचा फोटो काढायचे,
पिवळी रेघ, तिला तपकिरी काठ.
फोटो टॉवरवर चढायचा,
तारेत शिरून भुसावळ, मनमाड, इगतपुरी करत
घाट उतरायचा,
मुंबईच्या कुठल्याशा गारढोण इमारतीत
रांगेत उभा राहायचा,
आणि उत्तर घेऊन आल्या वाटेनं मागे.
कागदावर सेकंदाचंही काम नाही.
पण सातपुड्याच्या अंगाला रेंजची एक काडी पेटते, एक विझते,
चक्र नुसतं फिरत राहायचं,
तोवर फालक पुढच्या ओळीत,
फोन खिशात, पान विसरलेलं.

आता फोटो नाक्यापर्यंतच येतो.
साडेतीन किलोमीटर.
अंगठा उचलायच्या आत उत्तर :
करपा. खालची चार पानं काढा. आज.
लोक विचारतात, हे केलं कसं?
मी म्हणतो, विरजण संपलं तर
जळगावला जाता का? शेजारी मागता ना?
तेवढंच केलंय.

मग मे महिन्यातला तो मंगळवार. सेहेचाळीस अंश.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
कपाटाचा पंखा बंद पडला
आणि दार उघडेना.
दार सावद्यात, किल्ली हैदराबादेत.
किल्ली तरी कुठली, सहा आकडे,
विनंती मंजूर झाली की फोनवर येतात.
विनंती रांगेत होती.
इतक्या लांबून जवळ आणलेला ढग,
हाताला लागेल असा,
आणि हात लावायला परवानगी लांबून.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून सुभान तडवी आला.
"काय होऊन रायलं भो?"
म्हटलं, ढग तापलाय.
तो हसला नाही.
"ढगाले बी ऊन लागतं?"
एवढंच म्हणाला, आणि गेला.
आला तो केळीच्या सुक्या पानांचा भारा घेऊन.
पत्र्यावर चढून पसरला,
वर ओली गोणपाटं,
खिडकीला स्वतःच्या दुकानातला वाळ्याचा पडदा,
ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं पाणी त्याच्यावर.
(कपाटावर नको रे! तेवढं मी ओरडलो.)
पानं कुठली, ते नंतर कळलं.
फालकांच्या बांधावरची,
कपाटानंच काढायला लावलेली.

आकडा उतरायला लागला.
एक्क्याऐंशी.
अठ्ठ्याहत्तर.
बराच वेळ अठ्ठ्याहत्तरच.
चौऱ्याहत्तर.
त्या दुपारी, नोंद आहे, कपाटानं
दोनशे अकरा पानांना उत्तरं दिली.
थोडी रेंगाळत,
जेवणानंतर माणूस देतो तशी.

सहा आकडे आले तेव्हा दिवेलागण झाली होती.
पंखा बदलला. दहा मिनिटं.
सुभान पडदा काढून घेऊन गेला,
उद्या परत लावायचा का, विचारून.

रात्री दोनला कपाट वरच्या ढगाशी बोलतं,
दिवसभरात शिकलेलं सगळं मोजून पाठवतं.
त्यात करप्याचे डाग गेले असतील,
पानांचे आकार, उन्हाचे आकडे.
गोणपाट गेलं नसेल. घमेलं गेलं नसेल.

तक्रार बंद करताना पडद्यावर प्रश्न आला :
तापमान कसे कमी झाले?
खाली चार पर्याय. तीन मला कळलेही नाहीत.
चौथा 'इतर', आणि पुढे
वीस अक्षरांची जागा.

लिहिलं : सावली केली.
तरी जागा उरली.